नाकापेक्षा पोट जड

परवा इतिहासाच्या तासाला सर युरोपातील प्रबोधनाबद्दल सांगत होते आणि मला शिंका सुरू झाल्या. पहिल्या तीन शिंका सरांनी सोडून दिल्या. सातव्या शिंकेला ते बोलायचे थांबले. अकराव्या शिंकेला मागच्या बाकावरून कुणीतरी 'अकरा!' असे पुकारले आणि सारा वर्ग हसला. सरही हसले. हसू मलाही आले, पण हसायला नाक मोकळे लागते.

आमच्या घरी एके काळी शिंकेला मान होता. कुणी बाहेर निघाले आणि घरात शिंक झाली, की निघालेला माणूस परत येऊन बसे, पाण्याचा घोट घेई आणि मगच उंबरा ओलांडी. मी नऊ-दहा वर्षांची झाले आणि ही चाल मोडली. मी रोज सकाळी पंधरा-वीस शिंका देऊ लागले. तितक्या वेळा परत येऊन बसायचे, तर दादांची कारखान्याची पाळी चुकली असती. शेवटी आज्जीनेच निवाडा दिला, "हिची शिंक धरू नगा. ती मोजणीत न्हाई." एक जुनी समजूत माझ्या नाकाने अशी मोडीत काढली. माझ्या हातून, किंवा नाकातून म्हणा, घडलेले ते पहिले समाजकार्य!

मागच्या वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेत मात्र खरोखरच माशी शिंकली. पेपरच्या सकाळी नाक वाहत होते, म्हणून सर्दीची गोळी घेतली. नाक थांबले, पण डोळेही मिटले. पर्यवेक्षकांनी बाकावर टकटक केले तेव्हा मी जागी झाले. एक मोठा प्रश्न तसाच राहिला. घरी सांगितले, पेपर अवघड होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. गुणपत्रकातले काही दादांना वाचता येत नाही, पण ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसतात. त्या दिवशीही बसले होते. तेव्हा मी ठरवले, की हे नाक काय प्रकरण आहे ते एकदा मुळापासून समजून घ्यायचे.

मुळात कोडे असे आहे. माझी आज्जी सत्तरी ओलांडलेली. उसाचे पाचट, गोठ्यातले शेण, कडब्याची धूळ, चुलीचा धूर यांत तिचा सारा जन्म गेला. बांधावरचे काँग्रेस गवत ती नुसत्या हाताने उपटते. तिला कधी शिंक येत नाही. आई रोज भांगलणीला जाते; तिलाही काही होत नाही. आणि मी? मी अंथरुणाची चादर झटकली तरी तासभर शिंकते. ज्या पोरीला धुळीपासून जपले, जिला शाळेत घातले, सावलीत बसवले, तिच्याच नाकाला धूळ सोसत नाही.

घरात याचे उत्तर ठरलेले होते : दही! दही, ताक आणि केळे यांनी सर्दी वाढते, हे आमच्या आईचे ठाम मत. त्यामुळे साधारण आठव्या वर्षापासून माझ्या ताटात दही आले नाही. पंगतीत मठ्ठा वाढणारा माझ्यापाशी आला, की आई लांबूनच हात हलवी. गावातल्या दवाखान्यात गेले की दर वेळी रंगीत कॅप्सूल मिळत. वर्षातून चार-पाच वेळा तरी मी त्या घेतल्या असतील. त्या जंतू मारणाऱ्या असतात आणि माझ्या नाकात मारण्याजोगे जंतू बहुधा नव्हतेच, हे मला मागाहून कळले. परीक्षेतल्या त्या प्रकारानंतर दादांनी मला सांगलीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाले, "ही सर्दी नाही, ॲलर्जी आहे." नाकात मारायचा फवारा रोज कसा घ्यायचा ते नीट समजावले आणि झोप न आणणारी गोळी लिहून दिली. निघताना मी भीत भीत विचारले, "दही चालेल का?" ते म्हणाले, "न चालायला काय झालं?" मी दादांकडे पाहिले. दादा छताकडे पाहत होते. दहा वर्षांचे दही त्यांना एकदम कुठून भरून देता येणार?

आता थोडा इतिहास सांगते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला सनावळी सोडवत नाही. १८१९ साली लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टराने एका आजाराचे वर्णन वैद्यांच्या सभेत वाचून दाखवले. दर उन्हाळ्यात डोळे खाजतात, शिंका येतात, नाक वाहते. रोगी कोण, तर तो स्वतःच! असे आणखी रोगी शोधायला त्याला पुढे नऊ वर्षे लागली आणि तेव्हाही ते जेमतेम अठ्ठावीस भरले. आज आमच्या एका वर्गात चार-पाच सहज भरतील. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकले याने दाखवून दिले, की हा आजार गवताच्या परागकणांमुळे होतो. त्याने पराग स्वतःच्याच नाकाला लावून पाहिले आणि हवेत उंचावर ते असतात का हे बघायला पतंगाला काचा बांधून उडवल्या. पण त्याला एक गोष्ट उलगडेना. दिवसभर गवतात राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार सहसा होत नव्हता. होत होता तो शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या मंडळींना. हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरात बसून त्या गृहस्थाने आज्जीचे आणि माझेच कोडे घातले होते.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली घडवला. नाकात नेमके काय घडते ते कळायला आणखी साठ वर्षे गेली. १९६६ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पती-पत्नींनी रक्तातील 'आयजीई' नावाचे द्रव्य ओळखले. मला समजले ते असे. परागकण, घरातल्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे किंवा बुरशी यांना शरीर चुकून शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे आयजीई नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तोच कण आला, की या पेशी फुटल्यागत होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. मग खाज, शिंका आणि पाणी. म्हणजे चोर नसतानाच घरात 'चोर, चोर' असा ओरडा.

हा ओरडा माझ्याच शरीरात का आणि आज्जीच्या का नाही? १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने १९५८ च्या मार्च महिन्यातील एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना गवताचा ताप कमी, असे त्याला आढळले. (मी थोरली आहे. धाकट्या भावाला काही होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.) त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि पुढे एरिका फॉन मुटियस यांनी दोन्ही जर्मनींतल्या मुलांची तुलना केली. पूर्वेकडे कोळशाचा धूर फार, तेव्हा ॲलर्जी तिकडेच जास्त असणार, असा सर्वांचा अंदाज होता. निघाले उलटेच! म्युनिकच्या स्वच्छ हवेतली मुले जास्त शिंकत होती. २००१ मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील खेड्यांत असे दिसले, की जी मुले पहिल्या वर्षापासून गोठ्यात वावरली आणि घरच्या गाईचे दूध प्यायली, त्यांना ॲलर्जीचे आजार पुष्कळ कमी होते. म्हणून कुणी कच्चे दूध पिऊ नये. त्यातून दुसरे रोग होतात. पण आज्जीच्या लहानपणी म्हशी घराच्या सोप्यातच बांधत आणि पोरे त्यांच्या उशाशी झोपत. आम्ही घर बांधले तेव्हा गोठा लांब केला. सगळे म्हणाले, आता कसे माणसासारखे झाले.

इथपर्यंत गोठ्याचे झाले. यात पोट कुठून आले? माझ्याही मनात हाच प्रश्न होता. शास्त्र विभागातील एका सरांना विचारले, तर त्यांनी फळ्यावर आतडे काढले आणि अर्धा तास घेतला. आपल्या आतड्यात कोट्यवधी-अब्जावधी जिवाणू राहतात आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींचा फार मोठा वाटाही आतड्याच्या भिंतीतच असतो. म्हणजे कोण आपला आणि कोण परका, याची शाळा पोटात भरते. या शाळेचे खाणे म्हणजे चोथा. ज्वारीचा कोंडा, हुलगे, मटकी, पालेभाजी यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट यांसारखी आम्ले तयार होतात. ही आम्ले शरीरात एका विशिष्ट प्रकारच्या पेशी वाढायला मदत करतात. त्यांचे काम लढणे नव्हे, तर लढणाऱ्यांना आवरणे. गल्लीत भांडण पेटले की मध्ये पडणारा एखादा वडीलधारा असतो ना, तशा त्या. त्यांच्या शोधाबद्दल शिमॉन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चोथा मिळाला नाही, की हे जिवाणू उपाशी राहतात आणि वडीलधारे कमी पडतात. आणि जंतू मारणाऱ्या कॅप्सूल घेतल्या, की शत्रूबरोबर ही शाळाही उठते.

२०१४ साली स्वित्झर्लंडमध्ये उंदरांवर प्रयोग झाला. भरपूर चोथा खाणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसांत ॲलर्जीची सूज कमी आली. पोटात तयार झालेल्या आम्लांचा परिणाम थेट हाडांतल्या मज्जेपर्यंत जातो आणि तिथे जन्मणाऱ्या पेशींचा स्वभाव बदलतो, असे दिसले. खाल्ले पोटाने, शांत झाले फुप्फुस! आपल्याकडेही पोटातल्या जिवाणूंवर काम चालू आहे. त्याच वर्षी पुण्यातील आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथील संशोधकांनी निरोगी भारतीय माणसांच्या विष्ठेतून प्राणवायूशिवाय जगणारा एक नवा जिवाणू वेगळा केला आणि त्याचे नाव 'मेगास्फेरा इंडिका' ठेवले. आपल्या पोटात देशाच्या नावाचा जिवाणू आहे, याची मला उगाचच ऐट वाटली. हे मी आज्जीला सांगितले. ती म्हणाली, "असू दे. कुणाला सांगत फिरू नगंस."

सरांनी फळा पुसला आणि मी घरी येऊन ताटाकडे बघू लागले. आज्जीच्या ताटात दोन वेळ ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे किंवा डाळ, मेथी-तांदळीची भाजी, खर्डा आणि घरात असेल तेव्हा ताक. माझ्या ताटात चपाती. सकाळी चहा-खारी, नाहीतर ग्लुकोजची बिस्किटे; कॉलेजवर वडापाव. हे कुणी केले? आईने केले, आणि हौसेने केले. "जलमभर भाकरी थापली. पोरगी शिकतीया, तिच्या डब्यात चपातीच पायजे." शाळेत डबा उघडला की कुणाच्या डब्यात काय हे पोरी लगेच बघत, हे आईने कुणाकडून ऐकले होते कोण जाणे. भांगलणीच्या रोजगारातून बिस्किटांचे पुडे आणताना, आपण पोरीला चांगले ते देतो आहोत, हीच तिची खात्री होती. आता तिला कोणत्या तोंडाने सांगू, की त्या पुड्यांत चोथा नव्हता म्हणून?

गव्हाची आणखी एक गंमत आहे. बांधावरचे ते काँग्रेस गवत, ज्याच्या परागांनी कित्येकांची नाके वाहतात, ते पुण्यात १९५५ साली प्रथम नजरेत भरले. त्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून त्याचे बी आले, असे सांगतात. म्हणजे चपाती आणि शिंक एकाच बोटीने आली म्हणायची.

दह्याचे कोडे वेगळेच होते. घरात दोन म्हशी असून दही का नाही? कारण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते. चहापुरते ठेवायचे, बाकी किटलीत. दर दहा दिवसांनी बिल येते आणि त्यातच माझी फी, पुस्तके आणि एस.टी.चा पास असतो. आईच्या 'दह्याने सर्दी होते' या मतामागे थोडे हेही असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तिला मी तसे विचारलेले नाही, विचारणारही नाही.

गेल्या मार्गशीर्षात कोल्हापूरला ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला आज्जीबरोबर गेले होते. आंबील, वरण्याच्या घुगऱ्या, मेथीची भाजी, भाकरी आणि दहीभात असा तो नैवेद्य. तो पाहून मी मनात म्हटले, सरांनी फळ्यावर लिहिलेली सगळी यादीच देवीपुढे मांडली आहे. (आंबील शिजवली की तिच्यातले जिवाणू मरतात, हे खरे, पण चोथा आणि आंबट राहतेच.) त्याच आठवड्यापासून मी घरात जाहीर केले, की माझ्या डब्यात भाकरी द्यायची, आठवड्यातून तीन दिवस हुलगे किंवा मटकी, आणि रोज दुपारी वाटीभर दही. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने किटली भरताना अर्धा लिटर दूध मागे ठेवले. त्या दहा दिवसांच्या बिलात अडीचशे रुपयांच्या आसपास फरक पडला. तेवढ्यात माझी दोन पुस्तके येतात.

एक जुनी वही घेऊन मी रोज सकाळच्या शिंका मोजू लागले. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी अठरा. मे महिन्यात सहा. मी विजयी मुद्रेने वही सरांपुढे ठेवली. सरांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "फवारा चालू होता?" मी म्हटले, "रोज." "गाळप हंगाम कधी संपला?" "मार्चमध्ये." "म्हणजे काजळी आणि पाचटाचा धूर थांबला, फवाऱ्याने काम केलं, आणि तू भाकरी खाल्लीस. तिघांपैकी शाबासकी कुणाला द्यायची?" मला उत्तर देता आले नाही. पावसाळ्यानंतर काँग्रेस गवत फुलले तशा शिंका पुन्हा बारापर्यंत चढल्या. अठरावर काही गेल्या नाहीत, पण एका नाकावरून सिद्धांत होत नाही.

माणसांवरचे प्रयोगही अजून असेच अर्धेमुर्धे बोलतात. २०१७ मध्ये फ्लोरिडात १७३ ॲलर्जीवाल्यांवर आठ आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांना ठरावीक तीन जातींच्या जिवाणूंच्या गोळ्या आणि निम्म्यांना नुसत्याच गोळ्या दिल्या. जिवाणू घेणाऱ्यांना थोडे जास्त बरे वाटले. 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा. शिवाय ते तीन जिवाणू म्हणजे आमच्या मडक्यातले विरजण नव्हे. दह्यातले जिवाणू तर पोटात मुक्कामालाही राहत नाहीत, पै-पाहुण्यांसारखे येऊन जातात. दह्याची भलावण करणारे एली मेचनिकॉफ हे १९०८ चे नोबेल विजेते. त्यांनाही आंबट दुधाकडून फार मोठ्या आशा होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच पुऱ्या झाल्या नाहीत. मूळ शाळा तर म्हणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच भरते. मग एकोणिसाव्या वर्षी भाकरी खाऊन किती भरपाई होणार? मी फवारा सोडलेला नाही. वसतिगृहातील दोघी मैत्रिणी माझे ऐकून औषध बंद करायला निघाल्या होत्या, त्यांना मी चांगलेच दटावले.

तरीही मी भाकरी सोडणार नाही. शिंकांचे काय व्हायचे ते होवो, पण डब्यात भाकरी बघून आता वर्गातल्या मुली हात पुढे करतात आणि चपाती मलाच परत देतात. आईला हे सांगितले तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आणखी दोन थापते की."

दह्याच्या बाबतीत मात्र ती पुरती वळलेली नाही. दुपारची वाटी मिळते, रात्रीची नाही. वाटी पुढ्यात ठेवून ती भिंतीला टेकून बसते आणि माझ्या नाकाकडे बघत राहते. परवाच्या रविवारी तिसऱ्या घासालाच मला शिंक आली. आई एक शब्दही बोलली नाही. उठली आणि वाटी उचलून घेऊन गेली. आज्जीने ती आतून परत आणून माझ्यापुढे ठेवली.